इम्युनिटी वाढवायची? कशाला?

कानातलं घातलं की कान चिघळतो, बेल्टच्या बकलाखाली चट्टा उठतो. लगेच फुकटचा सल्ला: "इम्युनिटी कमी झालीय, काढा घे!" मंडळी, इथे गाडी उलटी आहे. प्रतिकारशक्ती कमी नाही, नको तितकी जागरूक आहे.

घामामुळे धातूतलं निकेल सुटतं आणि त्वचेत शिरतं. टी-पेशींनी एकदा त्याला शत्रू ठरवलं की त्या सहसा विसरत नाहीत. पुढचा हल्ला होतो एक-दोन दिवसांनी. त्यामुळे आळ येतो कालच्या कोळंबीवर आणि बकल नामानिराळं! या बगला अजून पॅच नाही, फक्त पॅच टेस्ट आहे.

डेन्मार्कने १९९० साली दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली, युरोपीय संघाने १९९४ मध्ये कायदा केला. पुढे तिथल्या तरुण मुलींमध्ये ही अ‍ॅलर्जी घटली. मुलींची इम्युनिटी नाही, दागिने बदलले!

म्हणून म्हणतो, काढ्यांचे पैसे वाचवा, त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्या. आणि दुकानात "यात निकेल आहे का हो?" असं विचारायला लाजू नका. आपण विचारलंच नाही, तर आपल्याकडे दागिने बदलणार कसे?