काष्टीच्या बाजारासाठी जुनी पिकअप घेताय? भाव ठरवण्याआधी हे गणित बघा

शनिवारी काष्टीत गेलात तर जनावरांइतक्याच गाड्या दिसतील. श्रीगोंदा तालुक्यातल्या या गावचा जनावरांचा बाजार लांबलांबपर्यंत माहितीय. गाई, बैल, म्हशी, शेळ्या येतात आणि येतात त्या बहुतेक पिकअपमधून. बाकीचे दिवस तीच गाडी कांदा, चारा, पेंड ओढते. त्यामुळं गावाकडं कुणी धंदा टाकायचा म्हटला की पहिला विषय निघतो तो जुन्या पिकअपचा.

आता यात नवीन काय? तर जीएसटी.

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. समजा कर सोडून गाडीची किंमत 8 लाख आहे. आधी ती 10 लाख 24 हजारांना पडायची, आता 9 लाख 44 हजारांना. थेट 80 हजारांचा फरक. पण जुनी गाडी विकणारा आपल्या जुन्या बिलाकडं बघूनच भाव सांगतो. "दोन वर्षांपूर्वी एवढ्याला घेतलीय" असं तो म्हणाला, की आजच्या नव्या गाडीचं कोटेशन दाखवायचं. घासाघीस तिथून सुरू करायची.

डिसेंबर 2024 मध्ये जुन्या गाड्यांवर 18 टक्के जीएसटीचा निर्णय झाला तेव्हा व्हॉट्सॲपवर भलतंच फिरलं होतं. हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या डीलरच्या नफ्यावर आहे. डीलरनं 4 लाखांना घेऊन साडेचार लाखांना विकली, तर 50 हजारांवर 9 हजार. पावण्याकडून घरची गाडी घेतली तर काहीच नाही.

दुसरा विषय लायसनचा. 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की हलक्या वाहनाचं लायसन असणाऱ्याला 7,500 किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. पिकअप त्यात आरामात बसते. विमा कंपन्या याच मुद्द्यावर क्लेम अडवायच्या.

खरी गोची आरसीची आहे. गावाकडं स्टॅम्पपेपरवर सही झाली, पैसे दिले, की व्यवहार संपला असं धरतात. कायद्यानं राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. 2018 च्या नवीन कुमार खटल्यात गाडी एकामागून एक विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. अपघाताची भरपाई त्याच्यावरच आली. म्हणजे नाव लावून घ्यायची गरज विकणाऱ्यालाही तितकीच आहे. आणि घेणाऱ्यानं विमा नावावर केला नाही, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

गाडीवर फायनान्सचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. काष्टीची गाडी एमएच 16, भीमा ओलांडून दौंडला गेलं की एमएच 42. तिकडची घेतली तर तिथल्या आरटीओची एनओसीही लागते. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावा लागतो, तो खर्च भावातच धरा.

आता जे बाजारात कुणी सांगत नाही ते. केंद्रीय मोटार वाहन नियम 125ई नुसार जनावरं वाहणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे लागतात. गाय किंवा म्हशीमागं 2 चौरस मीटर, शेळीमागं 0.3 चौरस मीटर जागा. नऊ बाय साडेपाच फुटांचा हौदा धरला तर होतात साधारण 4.6 चौरस मीटर. म्हणजे दोन गाई किंवा पंधरा शेळ्या. बाजारातल्या गाड्यांमध्ये किती भरतात हे तुम्हालाही माहितीय. जादा वजनाला कलम 194 नुसार 20 हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार.

त्यामुळं हप्ता बसतो का हे काढताना खेपेला दोनच गाई धरा. तेवढ्या भाड्यात डिझेल, ड्रायव्हर आणि हप्ता निघत नसेल, तर ती गाडी त्या भावात महाग आहे.