एक दिवसाचा पगार कोठे जातो?

बंगालच्या उपसागरात वादळ उठले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमरावतीच्या आणि अकोल्याच्या कचेऱ्यांतून एक यादी फिरू लागते. यादीत नावे छापलेली असतात, नावांपुढे एका दिवसाच्या वेतनाचा आकडा असतो आणि शेवटच्या रकान्यात सही करायची असते. जिल्हा परिषदेचा शिक्षक सही करतो, महसूल खात्यातला लिपिक सही करतो, शिपाईही करतो. पैसा नेमका कोणत्या निधीत जाणार, हे पाहण्याइतका वेळ यादी कोणाच्याच टेबलावर थांबत नाही. बाहेर बाजारपेठेत त्याच सुमारास कोणत्या तरी मंडळाची पेटी फिरत असते आणि चौकात जुन्या कपड्यांचा ढीग साठू लागलेला असतो.

वऱ्हाडला समुद्र नाही. अकोल्याहून मुंबई रेल्वेने ५८० किलोमीटरांच्या आसपास आहे आणि येथल्या कित्येक शेतमजुरांनी समुद्र कधी पाहिलेलाही नाही. तरीही समुद्राने गिळलेल्या गावांसाठी या मुलखातून पैसा निघतो, ही गोष्ट कमी मोलाची नव्हे. ज्या सहा जिल्ह्यांच्या शेतकरी आत्महत्यांसाठी १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांना ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही होते. अशा जिल्ह्यांतील माणूस दुसऱ्याच्या दुःखासाठी खिशात हात घालतो, तेव्हा तो पैसा योग्य ठिकाणी पोहोचतो की नाही हे विचारण्याचा त्याचा अधिकार इतर कोणाहून कमी नाही. परंतु हा अधिकार तो सहसा बजावीत नाही. दान दिले, पुण्य पदरात पडले, आता हिशेब कसला मागायचा, अशी एक जुनी वृत्ती त्याच्या आड येते.

वास्तविक या भूमीची शिकवण नेमकी उलट आहे. गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्या सार्वजनिक विश्वस्तांच्या हाती सोपविल्या. स्वतःच्या नावावर काही ठेवले नाही. लोकांचा पैसा हा लोकांचाच राहतो, तो घेणाऱ्याचा होत नाही, हे समजायला त्यांना कायद्याच्या पुस्तकाची गरज पडली नव्हती.

आज मात्र कायद्याच्या पुस्तकाची गरज पडते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी जानेवारी १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या आवाहनातून स्थापन झाला, तो फाळणीत उद्ध्वस्त होऊन आलेल्या निर्वासितांसाठी. त्याच्या व्यवस्थापन समितीत पंतप्रधानांसमवेत काँग्रेसचे अध्यक्ष, टाटा विश्वस्त मंडळाचे व उद्योगपतींच्या महासंघाचे प्रतिनिधी होते. ही रचना आदर्श होती असे नव्हे. काँग्रेसचा अध्यक्ष राष्ट्रीय निधीवर कशासाठी, हा प्रश्न तेव्हाही रास्तच होता. परंतु निदान एकाहून अधिक डोके तेथे होते. १९८५ मध्ये निधीचा सारा कारभार एकट्या पंतप्रधानांच्या स्वाधीन झाला. पुढे २७ मार्च २०२० रोजी ‘पीएम केअर्स’ नावाचा दुसराच न्यास नोंदविला गेला. पंतप्रधान त्याचे पदसिद्ध अध्यक्ष, संरक्षण, गृह व अर्थ या खात्यांचे मंत्री पदसिद्ध विश्वस्त. आणि तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पंतप्रधान कार्यालयाकडून सांगण्यात आले, की हा निधी भारत सरकारचा नव्हे आणि माहितीच्या अधिकाराचा कायदा त्याला लागू होत नाही. नाव पंतप्रधानांचे, विश्वस्त सरकारचे मंत्री, कर्मचाऱ्याचा पगार कापणारे खाते सरकारी. हिशेब विचारला की मात्र न्यास खाजगी! अमरावतीच्या कापूस बाजारात एखादा अडत्या असा व्यवहार करू लागला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणी गाडी लावणार नाही.

यातला दुजाभावही नोंदण्याजोगा आहे. कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामावर खर्च करावयाचा पैसा पीएम केअर्सला दिला तर तो खर्चात धरला जाईल, मुख्यमंत्र्यांच्या निधीला दिला तर धरला जाणार नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये केला. वादळ पारादीपला येते, श्रीवर्धनला येते. दिल्लीला येत नाही. पण कंपन्यांचा ओघ दिल्लीकडे वळविला गेला. अशा वेळी सामान्य पगारदाराचा पैसा तरी आपत्तीग्रस्त राज्याच्या निधीत जावा, हे उघड आहे. मुख्यमंत्री निधी सर्वत्र निर्दोष आहेत असे कोणी म्हणणार नाही. तेथेही वाटप बरेचसे एका माणसाच्या मर्जीवर चालते. परंतु त्या राज्याच्या विधानसभेत त्याविषयी प्रश्न विचारणारे लोक बसलेले असतात आणि वादळात घर गेलेला माणूस त्यांच्या दाराशी जाऊ शकतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतही कोणाही व्यक्तीला देणगी देता येते आणि त्याचे लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांच्या कक्षेत येते; मात्र त्याची जाहिरात पेट्रोलपंपावरच्या फलकांतून कधी झालेली नाही.

दिलेला पैसा स्वखुशीचा असावा, हेही येथेच सांगितले पाहिजे. २०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांकडे एक महिन्याचे वेतन मागितले आणि ज्यांना द्यायचे नसेल त्यांनी तसे लिहून द्यावे, अशी अट घातली. हेतू चांगला होता, सरकारही डाव्यांचे होते. तरी उच्च न्यायालयाने ती अट रोखली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला, हे योग्यच झाले. नकार लिहून देणाऱ्या शिपायाला साहेबाच्या नजरेचे भय असते. अशा भयातून निघालेल्या पैशाला वर्गणी म्हणत नाहीत, त्याला वसुली म्हणतात. कामगार संघटनांनी याबाबत संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आता वस्तूरूप मदतीविषयी. २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना दुसऱ्याची विटकी वस्त्रे उचलण्याची इच्छा नव्हती, आणि त्यात गैर काही नव्हते. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटविण्याइतका वेळ काहींना मिळाला. देणाऱ्याच्या सोयीने दिलेल्या मदतीचे काय होते, हे खरे तर वऱ्हाडला दुसऱ्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पॅकेजच्या काळात येथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना जास्त दूध देणाऱ्या महागड्या गायी वाटण्यात आल्या. जेथे बैलाच्या वैरणीची भ्रांत, तेथे त्या गाईला काय घालायचे, हे वाटणाऱ्यांनी विचारले नाही. कित्येकांनी मिळेल त्या भावाने गायी विकून टाकल्या. पऱ्हाटीच्या कर्जात बुडालेल्या माणसाला गाय हवी होती की कापसाला भाव, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. हा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांनी तरी ट्रकभर कपडे पाठविण्याऐवजी रोख रक्कम पाठवावी, आणि तीही अशा संस्थेकडे, जिची माणसे वादळापूर्वीही त्या गावांत काम करीत होती व कॅमेरे परत गेल्यावरही करीत राहतील.

खरी अडचण येथेच आहे. कारण मदतीचा ओघ पंधरा दिवसांत आटतो आणि नुकसान पंधरा दिवसांत भरून येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आदळले. रोठा सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. पण कोकणातली वाडी हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यात मोजतात. म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार. मदत झाडागणिक मोजावी, ही मागणी त्यातूनच उठली. नवे सुपारीचे रोप उत्पन्नावर यायला सहा-सात वर्षे जातात. वरूड-मोर्शीच्या संत्रा उत्पादकाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. बगीचा वाळला की घरातली किती वर्षे वाळतात हे तो जाणतो. आणि वाडीत मजुरी करणाऱ्या बाईच्या नावावर तर गुंठाही नसतो. पंचनामा झाडाचा होतो, तिच्या बुडालेल्या रोजाचा होत नाही. सातबाऱ्याबाहेरच्या या माणसांपर्यंत सरकारी मदत क्वचितच जाते. लोकवर्गणीचे पहिले ठिकाण तेच असायला हवे.

दीर्घकाळ टिकणारी मदत अशक्य नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केले आणि भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना पुण्यास नेऊन त्यांचे शिक्षण केले. या दोन संस्थांचे विचार एक नव्हेत, त्यांची साधनेही सारखी नव्हती. परंतु ढिगारे उपसून झाल्यावर मुलांचे वय वाढतच राहते, हे दोघींनीही ओळखले होते.

ओडिशाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रच्या कृष्णा जिल्ह्यात दिवी सीमेवर समुद्र चालून आला, तेव्हा सुमारे १०,००० माणसे गेली. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात जवळपास तितकीच गेली. दोन्ही वेळी मेले ते प्रामुख्याने कुडाच्या आणि मातीच्या घरांत राहणारे. त्यानंतर ओडिशाने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभे केले, किनाऱ्यावर पक्क्या निवारा-इमारती बांधल्या, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. मे २०१९ मध्ये फणी वादळ आले तेव्हा सुमारे १२ लाख लोक आधीच हलविले गेले आणि त्या राज्यातील मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे कोणाच्या दानातून झालेले नाही. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक यंत्रणा आणि वीस वर्षांचे सातत्य यांतून झालेले आहे. राज्याच्या आपत्ती प्रतिसाद निधीत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो, तो वऱ्हाडातल्या माणसाने काडेपेटीवर आणि साबणावर भरलेल्या करांतूनही जातो. म्हणजे एक वर्गणी त्याने आधीच दिलेली आहे. तिच्याविषयी खासदाराला जाब विचारणे हे पेटीत नोट टाकण्याइतकेच मदतीचे काम आहे, आणि पेटीत नोट टाकून त्या कामातून सुटका होत नाही.

मग पुढची यादी टेबलावर येईल तेव्हा? कर्मचारी संघटनांना एक गोष्ट सहज करता येईल. पैसा कोणत्या निधीसाठी, हे यादीच्या डोक्यावर स्पष्ट लिहिलेले नसेल तर सही करू नये. जमलेल्या रकमेचे दोन भाग करावेत. अर्धा ताबडतोब आपत्तीग्रस्त राज्याच्या निधीत जावा, उरलेला बँकेत ठेवून सहा महिन्यांनी, संघटनेचे दोघे जण त्या गावांत जाऊन आल्यानंतर, तेथल्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला द्यावा. प्राप्तिकराच्या सवलतीचा फरक पडतो, अशी कुरकुर होईल, कारण सरकारी निधीला पूर्ण सूट आणि साध्या संस्थेला बहुधा निम्मी. नव्या करप्रणालीत तर दोन्ही नाहीत. शिपायाच्या एका दिवसाच्या पगारावर ही सवलत किती रुपयांची होते, ते कागदावर मांडून पाहावे. स्थानिक मंडळांच्या पेट्यांबाबत तर काम आणखी सोपे आहे. सार्वजनिक न्यासांनी आपले लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावयाचे असतात. पेटीवर नोंदणीक्रमांक आहे काय, एवढे विचारायला चौकात अर्धा मिनिट लागते. आणि प्रश्न ऐकून पेटी पुढे सरकली, तर उत्तर मिळालेच.