किंगरी मुलांच्या हाती द्या



हिवाळी मेळाव्यासाठी मंडळाने मुलांना नवा की-बोर्ड घ्यावा, अशी सूचना आली आहे. आमचे मत थोडे वेगळे आहे. मुलांना करवंटीची किंगरी बनवायला शिकवावी.

नाथजोगी दारात येऊन किंगरीवर गोपीचंद-भर्तरीची गाणी म्हणत, हे अनेकांना आठवत असेल. करवंटीवर ताणलेले कातडे, तार आणि घोड्याच्या केसांचा गज, एवढाच तो संसार. आता इथली रबाबा पाहा. लाकडी चौकट, तिच्यावर कातडे, घोड्याच्या केसांची एकच तार आणि गज. बदू कवी तिच्या साथीवर काव्य म्हणतात. दोघी चुलतबहिणी शोभाव्यात!

गजाला राळ का लावतात? नुसता केस तारेवरून घसरतो. चिडाच्या राळेत मुख्यतः ॲबिएटिक आम्लासारखी आम्ले असतात. तिच्यामुळे तार गजाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, सेकंदात शेकडो वेळा. त्यातूनच स्वर निघतो. जुबैलच्या दमट हवेत कातडे सैलावते आणि आवाज उतरतो. हे मुलांना पुस्तकापेक्षा हातांनी लवकर कळेल.

स्वीडनमध्ये निकेलहार्पा हे गजाने वाजवायचे, लाकडी कळांचे वाद्य मागे पडले होते. १९७० च्या दशकात सामान्य माणसे वर्गात जाऊन ते स्वतः बनवू लागली. २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेच्या जतनकार्याची नोंद घेतली.

"भिकाऱ्याचे वाद्य कशाला?" असे बैठकीत कुणी म्हणाले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे होते. ज्यांची गाणी आजीने सूप भरून धान्य घालत ऐकली, ती माणसे आपल्याला ओळखू येईनाशी झाली. परमुलखात पोटासाठी आलेल्या आपण तरी त्यांना हलके लेखू नये.

दोन शुक्रवार पुरेत. करवंट्या आम्ही जमवतो, राळही आणतो. की-बोर्ड पुढच्या वर्षी घेता येईल. पालकांनी आपले मत जरूर कळवावे.