साडेतीनशे युनिटांचा प्रश्न

‘मराठी मीडियमची पोरं, लॉजिकच नसतं त्यांना.’ हे वाक्य या आठवड्यात पुन्हा ऐकलं, आणि तेही एका प्राध्यापकाच्या तोंडून, मुलीच्या वडिलांसमोर. बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातली मुलगी. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीत, आता इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण बीदरपासून आळंदपर्यंत कुठल्याही लॅबमध्ये हे ऐकायला मिळतं. ‘सी’ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या इंटर्नल परीक्षेचे गुण सांगताना प्राध्यापक हे बोलले. वडील मान खाली घालून परत आले. मला मात्र गप्प बसवत नाही.

लॅबच्या रेकॉर्डच्या वहीबद्दल मी इथे इतक्यांदा लिहिलं आहे की वाचकांना ते तोंडपाठ झालं असेल. तरी पुन्हा वहीपासूनच सुरुवात करतो. या मुलीची वही मी पाहिली. सुवाच्य अक्षर, पट्टीने आखलेले फ्लोचार्ट, पानोपानी तारीख आणि सही. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) यादीतले बाराच्या बारा प्रोग्रॅम उतरवलेले. तिसरा प्रोग्रॅम विजेच्या बिलाचा, त्याला पैकीच्या पैकी गुण. इंटर्नलला नेमका तोच आला, फक्त दर बदलून. तिने जुन्याच दरांनी लिहिला. ‘पाठ केला होता, सर,’ ती म्हणाली, ‘पाठ करायचा नाही तर दुसरं काय करतात?’ हा प्रश्न तिला मला विचारावा लागला, इथेच सगळं आलं. सत्र संपत आलं तरी लॅबमध्ये तिला याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

आता तो प्रोग्रॅम बघा. पहिल्या २०० युनिटांना ८० पैसे दर, पुढच्या १०० युनिटांना ९० पैसे, ३०० च्या वर प्रत्येक युनिटला १ रुपया. प्रत्येक ग्राहकाला मीटर चार्ज किमान १०० रुपये. एकूण रक्कम ४०० रुपयांपेक्षा जास्त झाली तर १५ टक्के सरचार्ज. कितीतरी मुलांनी हे वहीत उतरवलं आहे. त्यातल्या किती जणांनी ३५० युनिटांचं बिल हाताने मांडून पाहिलं असेल? २०० चे १६० रुपये, १०० चे ९०, उरलेल्या ५० चे ५०, वर मीटरचे १००. बरोबर ४००. ‘पेक्षा जास्त’ नाही, म्हणून सरचार्ज नाही. आता ३५१ घ्या. रक्कम ४०१, सरचार्ज ६० रुपये १५ पैसे, बिल ४६१ रुपये १५ पैसे. एका युनिटाने ६१ रुपये १५ पैसे वाढले. प्रोग्रॅममध्ये > ऐवजी >= पडलं तर ३५० वाल्यालाही ६० रुपयांचा भुर्दंड बसतो. इतका सुंदर प्रश्न यादीत आयता पडला आहे, आणि आपण त्याची अक्षरं गिरवून घेतो.

बरं, ‘किमान १००’ म्हणजे काय? शंभर रुपये वेगळे मिळवायचे, की बिल शंभरच्या खाली गेलं तर शंभर धरायचे? पहिला अर्थ घेतला तर ३५० युनिटांचं बिल ४०० होतं, दुसरा घेतला तर ३००. गाइडांमध्ये शंभर मिळवलेले असतात म्हणून सगळे मिळवतात. ज्या मुलाने हात वर करून ही शंका विचारली, त्याचं प्रोग्रॅमिंग त्याच क्षणी सुरू झालं. पण शंका विचारायला प्रश्न कळावा लागतो. तो इंग्रजीत छापलेला, इंग्रजीत वाचून दाखवलेला, आणि लगेच ‘टाइप करा’.

मी त्या मुलीला विचारलं, घरी करंट बिल किती येतं? ‘झिरो.’ का झिरो? मग तिने कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना अशी समजावून सांगितली की ऐकत राहावं. ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे झिरो बिलं येऊ लागली, त्याचे नियम या भागातल्या घराघरांत पाठ आहेत. बिल हातात पडलं की ओसरीवर त्याची चर्चा होते. आदल्या वर्षीची, म्हणजे २०२२-२३ ची, महिन्याची सरासरी धरायची, त्यावर दहा टक्के वाढवायचे. सरासरी ८० असेल तर ८८ युनिटांपर्यंत बिल शून्य. ९५ जाळली तर वरच्या ७ युनिटांचे पैसे. आणि एखाद्या महिन्यात २०० ओलांडली तर सवलत गेली, सगळ्या युनिटांचं बिल भरायचं.

मी म्हटलं, या महिन्यात २०५ जाळली. पहिला प्रश्न कुठला विचारशील? ‘८८ च्या वर गेली का, ते.’ मग? ‘वरच्या ११७ युनिटांचे पैसे.’ आणि मग ती स्वतःच थांबली. ‘नाही सर. अगोदर २०० च्या वर गेली का ते विचारावं लागतंय. नाहीतर बिल चुकतंय.’

‘इफ’ आणि ‘एल्स इफ’च्या साखळीत अटींचा क्रम का महत्त्वाचा असतो, यावर भले भले विद्यार्थी अडखळतात. ही मुलगी एकाच उदाहरणात तिथे पोचली, आपली चूक आपण पकडून, मराठीत, संगणकाला हात न लावता. हिला लॉजिक नाही म्हणतात!

लॅबमधलं बिल आणि घरातलं बिल, दोन्ही एकाच जातीची आहेत. दोन्हीत टप्पे, दोन्हीत अटी, दोन्हीत काठावरचं युनिट. पण घरच्या बिलात एक चूक म्हणजे खिशातले पैसे, म्हणून तिथे डोकं चालतं. बिल जास्त आलं तर आई विचारते, गेल्या महिन्यात किती होतं, रीडिंग कुठल्या तारखेला घेतलं. आकडा वाचायचा, तो का आला ते शोधायचं, मागे मागे जाऊन कुठे फरक पडला ते धरायचं. प्रोग्रॅममधली चूक शोधणं याहून वेगळं नसतं. महाराष्ट्रातल्या उदगीरला मामाच्या घरी महावितरणच्या बिलात १००, ३००, ५०० चे टप्पे असतात, तेही या मुलांना ठाऊक असतं. सीमेवरची मुलं दोन राज्यांची बिलं वाचत मोठी झाली आहेत. लॅबमध्ये शिरताना हे सगळं दाराबाहेर ठेवायला आपणच सांगतो. तिथे ८० पैसे युनिट हा आकडा कुणाच्या घरचा नाही. उत्तर चुकलं तर खटकत नाही, कारण बरोबर उत्तर काय यायला हवं होतं तेच आधी काढलेलं नसतं.

अडखळणं हे काही औरादचं किंवा मराठी शाळेचं वैशिष्ट्य नाही. २००१ साली संशोधक मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांची, पहिले प्रोग्रॅमिंगचे अभ्यासक्रम झाल्यानंतर, परीक्षा घेतली. ११० पैकी सरासरी पडली २३ च्या आत. २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने सात देशांत आणखी खोल जाऊन पाहिलं, तर बऱ्याच मुलांना छोटासा तयार प्रोग्रॅमसुद्धा ओळीओळीने वाचून, कुठल्या क्षणी कुठल्या चलात किती किंमत आहे, हे कागदावर नीट मांडता येत नव्हतं. लिहिण्याआधी वाचणंच कच्चं होतं. त्या मुलांना कुणी ‘तुमचं मीडियम’ म्हणून हिणवलं नाही. शिकवणाऱ्यांनी शिकवण्याकडे बघितलं.

आणि भाषेचा अडसर नेमका कुठे आहे, तेही एकदा बोलू. १९८९ च्या प्रमाण ‘सी’मध्ये राखीव शब्द ३२. घरात मराठी, बाजारात कन्नड, बसस्टँडवर दखनी बोलणाऱ्या पोरांना ३२ शब्दांची काय मातब्बरी? अडतं ते चूक दाखवणाऱ्या संदेशापाशी. सातव्या ओळीत अर्धविराम राहिला, तर टर्बो सी हा कंपायलर चूक दाखवतो आठव्या ओळीवर. मुलगी आठवी ओळ वाचते, तिला चूक सापडत नाही, घाबरून ती चांगली ओळच खोडते. मग दोन चुकांच्या सहा होतात. वाक्य संपल्याची खूण मिळाली नाही म्हणून कंपायलर पुढे वाचत गेला आणि पुढच्या ओळीत त्याला खटकलं, हे सांगायला मराठीत किंवा कन्नडमध्ये एक मिनिट लागतं. ते एक मिनिट द्या.

सरचार्जचंच घ्या. (१५/१००) असा कंस करून रकमेने गुणलं की ‘सी’मध्ये उत्तर शून्य येतं, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळून पडतो. कर्निघन आणि डेनिस रिची यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात, तापमानाच्या तक्त्याच्या उदाहरणावर, मुद्दाम थांबून हे समजावलं आहे. १९७२ मध्ये ही भाषा घडवणाऱ्या रिचींनाही इथे थांबावंसं वाटलं. आमच्या लॅबमध्ये मात्र ‘आउटपुट चुकलं, पुन्हा टाइप कर’.

मागणी अवाजवी करत नाही. २०२१ मध्ये भालकीच्या खंड्रे इन्स्टिट्यूटला कन्नडमधून इंजिनिअरिंग शिकवायची परवानगी मिळाली, त्याच वर्षी निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरू झालं. पुढे नोकरी इंग्रजीत आहे ही पालकांची भीती मला कळते, आणि पूर्ण पदवी मराठीतून द्या असं मी म्हणतही नाही. मी लॅबमधला एक तास मागतो. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये ‘सी’चे धडे मराठीतही आहेत, कन्नडमध्येही. पडद्यावर सगळं इंग्रजी, कानात आपली भाषा, आणि धडा आठ-दहा मिनिटांचा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ तर इंग्रजीतच आहे, तरी आपल्याकडची मुलं ते धरून बसतात, कारण ते समोर बसून बोलल्यासारखं लिहिलं आहे. भाषा कुठली यापेक्षा मुलाशी कुणी बोलतं आहे का, हे मला मोठं वाटतं. शंका मात्र त्याला त्याच्या भाषेतच विचारू द्या.

आणि रेकॉर्ड. सुवाच्य रेकॉर्ड मुलांचा विचार मारतं, असं मी गेली कित्येक वर्षं म्हणतो आहे. आकडेवारी माझ्याकडे नाही, पण वह्या पाहिल्या आहेत, आणि खाडाखोड नसलेल्या वहीत मला विचार कधी दिसला नाही. व्हीटीयूच्या प्रॅक्टिकलच्या नियमांत एक ओळ छापलेली असते: प्रयोग एकदा बदलून मिळेल, मात्र कार्यपद्धतीचे गुण शून्य. म्हणजे चिठ्ठीत नको तो प्रोग्रॅम निघाला तर गुण सोडून दुसरा मागा. पाठांतरावर चाललेल्या परीक्षेलाच अशी सोय लागते.

‘सिलॅबस संपत नाही हो,’ असं आता मला सांगितलं जाईल. बारा प्रोग्रॅम आहेत. बिलाच्या एकावर तीन तास घालवा. संगणक बंद. आधी कागदावर १५०, २००, २०१, ३५०, ३५१ युनिटांची बिलं मुलांनी काढायची, वाद घालायचा, ‘किमान’चा अर्थ ठरवायचा. मग अटी मांडायच्या, मग ‘सी’. आउटपुट कागदावरच्या आकड्याशी जुळलं नाही तर ओळीओळीने मागे जायचं. पुढचे प्रोग्रॅम आपोआप लवकर होतील, अशी माझी खात्री आहे.

बीदर आणि कलबुर्गीच्या ज्या शिक्षकांना हे करून बघायचं असेल त्यांनी मला वह्या पाठवाव्यात. सही केलेली रेकॉर्डं नकोत. कच्च्या पाठवा.