‘सुकियाकी’ म्हणू नका!

जपानी गाणे म्हटले की आमच्या सुशिक्षित मंडळींच्या मुद्रेवर एक ठराविक हळवेपणा उमटतो. चेरीचा बहर, कागदी कंदील, धुक्यातले देऊळ आणि ‘पूर्वेचे गूढ कारुण्य’! ऐकणाऱ्याला एक शब्द कळत नसतो. पण ‘कसे अगदी काळजाला हात घालते, नाही?’ असे म्हणून तो मोकळा होतो. हात घालते हे खरेच. पण मुळात काळीज कोणाचे, आणि ते कशाने फाटले होते, याची चौकशी करायला कोणी तयार नसते. माझे भांडण आहे ते या बेफिकीर हळवेपणाशी. १९६६ साली ‘लव्ह इन टोकियो’ आला आणि लताबाईंच्या आवाजातल्या ‘सायोनारा’ने आमची जपानची ओळख पुरी झाली. गाणे गोडच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या मनातला जपान तेव्हापासून जो हात हलवीत उभा आहे, तो अजून जागचा हललेला नाही.

पण एकट्या आम्हांलाच का बोल लावा? १९६१ साली साकामोतो क्यू या तरुण गायकाने एक गाणे म्हटले. नाकामुरा हाचिदाईची चाल, एई रोकुसुकेचे शब्द. डोळ्यांतले पाणी खाली पडू नये म्हणून मान वर करून रात्री एकटाच चालत निघालेला माणूस, एवढाच त्याचा विषय. १९६३ च्या जूनमध्ये हे जपानी शब्दांचे गाणे अमेरिकेच्या यादीत तीन आठवडे पहिले होते. आणि त्याला तिकडे नाव काय मिळाले? ‘सुकियाकी’! सुकियाकी म्हणजे लोखंडी भांड्यात शिजवलेल्या गोमांसाच्या पातळ कापांचा एक पदार्थ. मूळ नाव उच्चारायला अवघड, म्हणून विलायतेतल्या व्यापाऱ्यांनी आपल्याला ठाऊक असलेला एक जपानी शब्द त्यावर चिकटवला. आपल्या एखाद्या विराणीला कोणी ‘झुणका-भाकर’ म्हणावे, तशातला प्रकार. बरे, हा माणूस रडत होता कशासाठी? प्रेमभंग झाला असेल असे जगाने गृहीत धरले. वास्तविक १९६० साली अमेरिकेशी होणाऱ्या लष्करी कराराविरुद्ध टोकियोच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले होते. १५ जूनला एक विद्यार्थिनी संसदेच्या आवारात मृत्युमुखी पडली. चारच दिवसांनी करार आपोआप मंजूर झाला. एई त्या चळवळीतला. त्या पराभवाची कळ या शब्दांत आहे. ज्या देशाशी झालेल्या करारामुळे हे अश्रू आले, त्याच देशाने ते एका पक्वान्नाच्या नावाने विकत घेतले!

कोणी म्हणेल, हे आधुनिक गाणे झाले. जुन्या बालगीतांत तरी निर्मळ आठवणी असतील. मग ‘आकातोंबो’ घ्या, म्हणजे लाल चतुर. जपानात हे गाणे ठाऊक नसलेला माणूस विरळा. १९२१ साली मिकी रोफूने कविता लिहिली, १९२७ साली बर्लिनमध्ये शिकून आलेल्या यामादा कोसाकुने तिला चाल लावली. संध्याकाळ, उडणारा चतुर, आणि कोणाच्या तरी पाठीवरून तो पाहिल्याची आठवण. ऐकणाऱ्याला वाटते, ही पाठ आईची. नाही हो! ती घरच्या दाईची. मिकी लहान असतानाच त्याचे आईवडील विभक्त झाले आणि आईला घर सोडून जावे लागले. कवितेतली ही दाईसुद्धा पंधराव्या वर्षी लग्न होऊन जाते, आणि मग गावाकडची खबरबात येणेही थांबते. आई गेली, आईच्या जागी आलेली पोरगी गेली. उरला काठीच्या टोकावरचा चतुर. यात निर्मळ काय आहे ते मला कोणी दाखवून द्यावे. पंधरा वर्षांच्या मुलीला उजवून टाकणारा समाज त्या गोड चालीमागे उभा आहे, आणि आम्ही म्हणतो, ‘काय बालपण होते!’

(फराळाच्या ताटाशी हे कडू कारले वाढल्याबद्दल गृहिणींनी रागावू नये. पुढेही कारलेच आहे.)

ही ‘प्राचीन जपानी आत्म्याची’ गाणी मुळात प्राचीनही नाहीत. १८८० साली बोस्टनचा मेसन नावाचा संगीतशिक्षक टोकियोला आला आणि इसावा शूजीच्या बरोबरीने सरकारी शालेय गीतांच्या कामाला लागला. पदवीदानाच्या वेळी ज्याने जपानी डोळे भरून येतात, ते ‘होतारु नो हिकारी’ त्याच पहिल्या संग्रहातले. चाल चक्क स्कॉटलंडची. त्याच्या शेवटच्या कडव्यात कुरील बेटे आणि ओकिनावा ही जपानच्या हद्दीत मोजली होती. युद्धानंतर ते कडवे गाण्यातून गळाले. हुरहूर तेवढी शिल्लक राहिली. १९१४ चे ‘फुरुसातो’, म्हणजे ‘आपले गाव’, हेही सहावीच्या सरकारी पुस्तकातलेच, आणि पुस्तकात कवीचे नावसुद्धा नव्हते. डोंगरावर सशामागे धावलो, नदीत मासे धरले, असे सांगत ते शेवटी म्हणते काय, तर मनातले ध्येय पुरे करीन आणि मगच परत येईन. म्हणजे गावाची ओढ शिकवता शिकवता गाव सोडण्याचा धडा! गिरण्यांना, कचेऱ्यांना माणसे हवी होती. ती घरची आठवण काढीत का होईना, पण कामावर हजर असायला हवी होती.

हजर झालीही. १९५४ पासून १९७५ पर्यंत ईशान्येकडच्या खेड्यांतून शाळा नुकती संपवलेली पंधरा वर्षांची पोरे खास गाड्यांत भरून टोकियोच्या उएनो स्टेशनात उतरवली जात. मालक मंडळी त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. कोंबडीचा विचार कोणी केला नसावा. १९६४ साली त्यांच्यावर गाणे निघाले, ‘आ उएनो एकी’. गायक इझावा हाचिरो स्वतः त्याच भागातला, आओमोरीचा. आज स्टेशनाजवळ त्या गाण्याचे स्मारक आहे, आणि जपानी गाण्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटते ते हेच. कारण यात डोंगरनदीच्या जोडीला स्टेशन आहे, दुकान आहे, पोऱ्याचे काम आहे. घर कोणत्या वाटेने सुटले हे त्यात उघड दिसते.

‘पण गाणे ऐकताना बरे वाटते, तेवढे पुरे नाही का?’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जपानी भाषेत ‘नात्सुकाशी’ असा शब्द आहे. आठवणीने जीव ओढला जातो आणि त्या ओढीतही ऊब असते, असा त्याचा भाव. ती ऊब मला नाकारायची नाही. वृद्धाश्रमांत इतर पुष्कळ गोष्टी विसरलेली माणसेसुद्धा ‘फुरुसातो’ म्हणू लागतात. हे थोडे झाले काय? पण ऊब ज्याची त्याने घ्यावी. ज्याने घर सोडायला लावले त्यानेच त्या उबेची तारीफ करावी, हे मला खपत नाही.

११ मार्च २०११ ला भूकंप झाला, समुद्र आत घुसला आणि फुकुशिमाची अणुभट्टी फुटली. दीड लाखाहून अधिक लोकांना त्या प्रांतात घरे सोडावी लागली. त्यानंतर निर्वासितांच्या मेळाव्यांतून ‘फुरुसातो’ गायिले गेले. एप्रिलमध्ये डोमिंगोसारख्या जगप्रसिद्ध गायकाने टोकियोत येऊन तेच गाणे म्हटले, आणि जगभर वाहवा झाली. त्या गाण्यात मासे धरण्याची आठवण आहे, आणि त्या प्रांतातल्या कित्येक नद्यांत मासे धरण्या-विकण्यावर तेव्हा निर्बंध आले. ज्या फुताबा गावाच्या वेशीवर ती भट्टी, तिथे लोकांना पुन्हा राहायला परवानगी मिळाली ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये. साडेअकरा वर्षांनी, आणि तीही गावाच्या थोड्याशाच भागात. परतणारे मूठभर निघाले. या भट्टीची वीज फुताबाला मिळत नव्हती. ती टोकियोला जात होती.