आधी विचारा, मग चिकटवा

शिक्षणात दर दोन-चार वर्षांनी एक नवा शब्द येतो आणि आम्हां शिक्षकांच्या डोक्यावर बसतो. सध्याचा शब्द 'डिझाइन थिंकिंग'. त्या शब्दाशी माझं भांडण नाही. आपण त्याचं जे करून ठेवलंय, त्याच्याशी आहे.

बेळगावजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. दोन दिवसांचं शिबिर झालं. तज्ज्ञांनी पाच पायऱ्या सांगितल्या: ज्याची अडचण आहे त्याला समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, उपाय सुचवा, कच्चा नमुना करा, तो वापरून पाहा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून जगभर गेलेली ही रीत चांगलीच आहे. मग रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि विषय दिला, 'मुलं उशिरा येतात.' तासाभरात भिंत पिवळी-गुलाबी झाली. वेळेवर येणाऱ्याला चांदणी, वर्गाला फिरती ढाल, पालकांना मेसेज. टाळ्या झाल्या, फोटो झाले. उशिरा येणारं एकही मूल त्या खोलीत नव्हतं. चार चिठ्ठ्या मीही चिकटवल्या होत्या.

पुढच्या सोमवारी गेटबाहेर उभ्या केलेल्या पोरांना मी विचारलं, "का रे, रोज उशीर?" एक मुलगी म्हणाली, "बाई, गाडी थांबतच नाही की हो. भरून येते, तशीच पुढं जाते. मग चालत येतो." त्यांच्या फाट्यापासून शाळा तीन किलोमीटर. एवढं चालून आलेल्या लेकरांना आम्ही प्रार्थना संपेपर्यंत उन्हात उभं करत होतो.

विचारायला पाच मिनिटं लागली. त्या शाळेत सहा वर्षं काढली, पण ही पाच मिनिटं मला सापडली नव्हती. पहिली पायरी म्हणतात ती हीच, आणि शिबिरात आम्ही ती पडद्यावर वाचून पुढं गेलो होतो.

आमच्या जैन घरांत अनेकान्त लहानपणापासून कानावर पडतो. एकाच गोष्टीला अनेक बाजू असतात, आपल्याला दिसते ती त्यातली एक. प्रवचनाला मान डोलवायची आणि शाळेत आलं की हजेरीपटाची बाजू तेवढी खरी धरायची, असं माझं चाललं होतं. गेटवरून जी बेशिस्त दिसत होती, ती फाट्यावरून पाहिली तर पायपीट होती.

पुढं मुलांनीच महिनाभर वहीत लिहिलं: गाडी किती वाजता आली, थांबली की नाही. ती वही अर्जासोबत डेपोत गेली. दोन महिन्यांनी सकाळची एक गाडी बहुतेक दिवस थांबायला लागली. त्याआधीच, वही बघून, हेडमास्तरांनी गेटबाहेर उभं करणं बंद केलं. त्याला एक पैसा लागला नाही.

मुलांना हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. अहमदाबादच्या किरण बीर सेठी यांनी 2009 साली 'डिझाइन फॉर चेंज' सुरू केलं. त्यांच्या चार पायऱ्यांतली पहिलीच आहे 'फील', म्हणजे आधी ते दुखणं जाणवू दे. आणि ती पायरी मुलं स्वतः चढतात.

आणखी एक स्पष्ट बोलते. सगळेच प्रश्न कल्पनेनं सुटणारे नसतात. गळक्या छपराला पत्रे लागतात. गणिताचा शिक्षकच नसेल तर शिक्षक नेमावा लागतो. अशा ठिकाणी मुलांच्या हातात चिठ्ठ्या देऊन 'सुचवा बघू उपाय' म्हणणं ही चलाखी आहे. ज्यांनी पैसे द्यायचे, माणसं नेमायची, ते त्या चिठ्ठ्यांमागं लपतात.

म्हणून शिबिर घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या वेळी पहिला दिवस खोलीत काढू नका. सकाळी फाट्यावर या, पोरांबरोबर चालत शाळेत या. चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी काढू की, गरज उरलीच तर.