डीजेला वर्गणी नाही

अमेरिकेत १९६५ साली निघालेला ग्रेटफुल डेड हा बँड एकेक गाणं मैफल रंगेल तसं लांबवायचा. लोकांना त्याचं मोठं अप्रूप. पाटण तालुक्यात वाढलेल्या मला ते नवीन नाही. आमच्याकडे भजनात बुवा चरण धरतात, टाळकरी उचलतात. पखवाजवाला डाव्या पुडीची कणीक थापून सारखी करतो आणि मध्येच लय दुप्पट करतो. बुवा हसून मान डोलावतात, झालं! बनपुरीच्या नाईकबाच्या यात्रेतले ढोलवालेही एकमेकांचं ऐकूनच वाजवतात. डीजेला कुणाचं ऐकावंच लागत नाही, म्हणून मी त्याला संगीतात धरत नाही. शास्त्रीय संगीत ऐकायला पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जरूर जा. पण गावात वर्गणी मागायला आले, तर पैसे पखवाजाच्या पुडीला द्या, डीजेला नको.